वायर कोणाची होती

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जात असे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून माझी सारी नोकरी झाली. करंट नाही तिथे आवाज नाही, एवढे मला कळते. पुढचे वाचून कोणी हसले तरी माझी हरकत नाही.

मी पेडणे तालुक्यातील हळर्णचा. माझा मुलगा महेश डिचोलीच्या एका दुकानात गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवीत असे. एका दुपारी नवी सिस्टीम तपासण्यासाठी तो गिऱ्हाइकाची गाडी घेऊन निघाला. धारगळला हायवेवर गाडी पेटली. महेश बाहेर पडू शकला नाही.

बॅटरीकडून अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरचा एक तुकडा वाचला होता. मी तो चाकूने खरवडला. वर तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम... आणि जाडीही अपुरी. एवढ्या भाराला ती तापणारच.

दुकानदार शेट चारचौघांत म्हणाला, "वायर महेशान भायरसून हाडलेली. माझ्या दुकानात असली वस्तू नाय."

स्वस्तातली वायर बाहेरून आणून महेशने वरचे पैसे खाल्ले, असे लोकांनी मानले. मुलगा गेला, आणि वर चोर ठरला.

पुरावा नव्हता. मी गावच्या देवळात गाऱ्हाणे घातले. श्रद्धेने नव्हे, दुसरी जागा उरली नव्हती म्हणून. मागणे एकच — ज्याने केले, त्याच्याच आवाजात ते बाहेर पडू दे.

दसऱ्याला सकाळी दुकानासमोर गाड्यांची पूजा होती. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो. शेट आपल्या जीपमध्ये बसून नवी सिस्टीम दाखवीत होता.

"आता आयका. असो आवाज दितलंय, मेलेलोय उठान बसतलो."

"शेट, मेल्यांक कित्या उठयतास? जिती गिऱ्हाइका सांभाळ," एक ट्रकवाला म्हणाला. लोक हसले.

शेटने बटण दाबले. गाणे लागले नाही. महेशचा आवाज आला —

"शेट, ह्या तांबा न्हय. वरसून नुसतो मुलामो. भार घेवचो नाय."

मग शेटचा —

"गिऱ्हाईक काय कापून बघतला? गाना वाजला म्हणजे झाला. घाल तू."

शेटने बटण बंद केले. आवाज थांबला नाही. मी बॉनेट उघडले आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी स्वतः काढून हातात धरल्या. तरीही तेच बोलणे, पुन्हा पहिल्यापासून... ट्रकवाल्याने प्लेअर तपासला. आत सीडी नव्हती. थोड्या वेळाने आवाज आपोआप बंद पडला. तोवर अर्ध्या बाजाराने ऐकले होते.

त्यानंतर शेट हळर्णला आला. चालत.

"काकानू, गाऱ्हाणा उठवा. खयच्याय गाडयेत बसलंय की माझोच आवाज येता."

"बाजारात उभो ऱ्हव आणि सांग, वायर मी दिली."

"सगळ्यांनी आयकला मां?"

"गाडयेन सांगला. तू खय सांगलंस?"

तो आला तसाच चालत परत गेला. अजून त्याने सांगितलेले नाही.

त्या आवाजाचा उलगडा मला झालेला नाही, आणि मी तो शोधतही नाही. पेडण्याचा बाजार मला जवळ आहे. तरी दर बुधवारी, तिथल्या आठवड्याच्या बाजाराला, मी बस पकडून डिचोलीलाच जातो आणि त्याच्या दुकानासमोर उभा राहतो.