बोट विकायची नाही, भाऊजी!

मंडळी, झाशीत मोटारबोट बाळगणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते सांगायला नको. आमचे धाकटे दीर तर बोट घेतल्यापासून एकच जप करतात, "वहिनी, विकून टाका."

दुखणं एवढंच की वेग दिला की बोटीचं नाक वर जायचं आणि मला समोर फक्त आभाळ दिसायचं. त्यावर आमचा घरगुती उपाय म्हणजे स्वतः भाऊजी! त्यांना पुढे बसवलं की नाक खाली. ज्यांच्या वजनावर बोट चालायची, तेच विका म्हणायचे.

"दीदी, बड़ा इंजन लगवा लो," मेकॅनिक म्हणाला.

"भैया, घोड़ा सिर उठाए, तो क्या दूसरा घोड़ा जोतोगे?"

इंजिन तेच ठेवलं. प्लग आणि पाण्यातला पंखा बदलला आणि मागे ट्रिम टॅब बसवले. म्हणजे बटणाने खालीवर होणाऱ्या दोन पट्ट्या; खाली केल्या की पाणी बोटीचं शेपूट वर ढकलतं.

आज सकाळी बेतवा नदीच्या धरणावर बोटीची परीक्षा होती. भाऊजींनी बजावलं, "नाक वर गेलं, तर उद्या गिऱ्हाईक आणतो." मी त्यांना मुद्दाम काठावरच ठेवलं.

वेग दिला, बटण दाबलं. शेपूट उचललं, नाक बसलं. एरवी कण्हणारं इंजिन मोकळं गायला लागलं आणि समोर पलीकडचा काठ लख्ख दिसला!

परतले तर भाऊजींचा चेहरा उतरलेला. "वहिनी, मग आता मी कुठे बसू?"

"मागे बसा. आणि गिऱ्हाईकाला कळवा, बाई अजून चालवतेय."

तुमच्या हौसेवर कोण वजन टाकून बसलंय? उठवा की त्याला!