मागचे ब्रेक, घरच्या घरी

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. नवऱ्याला एक रिकामा रविवार आणि दोन मित्र द्या, ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर सलग चार रविवार होते, तेव्हा साठा किती असेल बघा!

आधी मंडळींची ओळख करून देते. जेरी हा माझा नवरा. ऑफिसात फायली सांभाळतो. सावंत दुसऱ्या मजल्यावरचे. बँकेतून रिटायर झाले आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून सर्व विषयांत पारंगत झाले. डिमेलो जेरीचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं क्वालिफिकेशन एवढंच, की त्याच्याकडे पान्यांची पेटी आहे. या तिघांनी मिळून बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये माझ्या वडिलांच्या गाडीचे मागचे ब्रेक दुरुस्त केले.

गाडी वीस वर्षांची. पप्पा गेल्यावर माझ्याकडे आली. मम्मी गोराईला एकटी राहते. ऐंशीव्या वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, "साडी नको, केक नको. त्यांची गाडी एकदा दारात उभी राहिलेली बघायचीय." आणि नेमके महिनाभर आधी मागचे ब्रेक किंचाळायला लागले.

नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "लायनर गेलेत. सकाळी सोडा, दुपारी घेऊन जा."

जेरीला हा अपमान वाटला. "एवढ्याशा कामाला मेकॅनिक? फ्लोरी, चार स्क्रूचं तर काम आहे!"

*

पहिल्या रविवारी जेरी आणि डिमेलो चर्चमधल्या मिस्साहून परस्पर कंपाउंडमध्ये आले. सावंत नाश्ता करून उतरले. चाक निघालं. त्याच्या आत भाकरीच्या तव्याएवढा लोखंडी ड्रम असतो. तो ओढून काढायचा, आतले लायनर बदलायचे, की झालं. पण ड्रम निघेना.

डिमेलोने हातोडी मारली. सावंतांनी व्हिडिओ मागे-पुढे केला आणि निदान सांगितलं, "गंजलो असतलो. तेल सोड रे!"

तेल सोडलं. मग हातोडी, मग परत तेल, मग परत हातोडी, असे दोन तास गेले. अख्खी बिल्डिंग खिडकीत आली. शेवटी इतका वेळ अदबीने बघत उभा असलेला वॉचमन हळूच म्हणाला, "साब, हँडब्रेक खींचा हुआ है।"

हँडब्रेक धरतो तोच मुळी मागच्या चाकांना! तो सोडल्याबरोबर ड्रम अलगद डिमेलोच्या मांडीवर आला.

सावंत शांतपणे म्हणाले, "तेलाचा इफेक्ट व्हायला वेळ लागतोच."

*

दुसऱ्या रविवारी टाइम मॅनेजमेंट ठरलं. डावं चाक जेरीकडे, उजवं डिमेलोकडे आणि सावंत मध्ये, सुपरव्हिजनला. ड्रमच्या आत स्प्रिंगा, पट्ट्या, खिळे असा बराच संसार असतो. दोघांनी दहा मिनिटांत तो उचकटून वर्तमानपत्रावर मांडला. स्पीड झकास होता, नाकारत नाही.

मग लावायची वेळ आली. जेरीने एक स्प्रिंग उलटसुलट करून बघितली, डोकं खाजवलं आणि उठून गाडीला वळसा घालायला लागला. त्याच वेळी पलीकडून डिमेलोही उठला. डिकीपाशी दोघांची गाठ पडली.

"कुठे चाललास?"

"तुझ्या बाजूला कशी लावलीय ते बघायला. तू?"

"मी तुझ्या बाजूला!"

एक चाक उघडायचं आणि दुसरं बघायला ठेवायचं, एवढी अक्कल मला खिडकीत उभं राहून होती. पण मला विचारतो कोण?

दोघांनी सावंतांकडे बघितलं. सावंतांनी मोबाइलकडे बघितलं. "व्हिडिओतली गाडी वेगळी आसा," ते म्हणाले आणि जेवायला वर गेले.

*

तिसऱ्या रविवारी सकाळी माझी सांडशी सापडेना. ओटा बघितला, कपाट बघितलं, शेवटी पदराने पातेलं उतरवलं आणि बोट भाजून घेतलं.

खाली गेले तर डिमेलो अंदाजपंचे एक स्प्रिंग ताणून जागेवर बसवत होता. कौतुकाने मला म्हणाला, "वहिनी, हे बघा. या स्प्रिंगा साध्या पकडीने बसत नाहीत, स्पेशल टूल लागतं. जेरीने बरोबर शोधून आणलं!"

मी म्हटलं, "हो. त्या टूलने रोज तुमचा चहा उतरतो."

*

त्याच दुपारी मला नोकरी लागली. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने आत बसून पेडल दाबायचं, धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू ढिला करायचा. तिघंही चाकाशी बसणारे निघाले. आत बसणारी मी!

"दाब!" मागून जेरी ओरडायचा. "धर! सोड!" अर्धा तास हेच. दाब, धर, सोड. लग्नात फादरनेसुद्धा मला एवढ्या आज्ञा दिल्या नव्हत्या.

मग जेरी म्हणाला, "आता दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हां! नाहीतर सगळी हवा परत आत जाईल."

मी धरलं. त्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात पप्पांच्या बुटाने झिजलेलं आहे. माझा पाय बरोबर त्या खळग्यात बसला. मला एकदम भरून आलं. मी मनात म्हटलं, पप्पा, तुमची गाडी तुमच्या दारात नेतेच, काय वाट्टेल ते होवो.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोटरीत गोळा आला. मागून आवाज येईना. मी हाक मारली, "जेरी, सोडू का?" आणखी दहा मिनिटांनी वरून आवाज आला. सावंत वहिनी बाल्कनीतून वाकून विचारत होत्या, "फ्लोरी, तू नाय येत चाय प्यायला?"

त्यांच्या मागे तिघंही उभे होते. कप, बशी, खारी बिस्किटं, सगळं व्यवस्थित.

जेरीने कपाळाला हात लावला. धावत खाली आला आणि खिडकीतून डोकं आत घालून काळजीने विचारता झाला, "सोडलं नाहीस ना?"

मी मान हलवली.

"शाब्बास!"

*

चौथ्या रविवारी ट्रायल. सावंतांचं म्हणणं पडलं, की मागचे ब्रेक तपासायचे तर मागे वजन पाहिजे. म्हणून पाण्याचे दोन मोठे कॅन भरून मागच्या सीटवर ठेवले आणि मला मधे बसवलं. दोन कॅन पुरेसे नव्हते का, असं मी विचारल्यावर तिघंही एकमेकांकडे बघून घाईने टायर तपासायला वाकले. शहाणे आहेत.

गाडी कंपाउंडमध्ये तीन फेऱ्या मारून जिथल्या तिथे थांबली. टाळ्या झाल्या. जेरीने ऐटीत हँडब्रेक खेचला. तो टिकटिक करत थेट वरपर्यंत आला.

मी म्हटलं, "अरे, हा पूर्वी अर्ध्यावर घट्ट व्हायचा. पप्पा दोन बोटांनी खेचायचे."

"नवीन लायनर आहेत गं, बसायला वेळ लागतो," जेरी म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतं?"

"पेडल दाबायचं कळतं," मी म्हटलं.

*

वाढदिवसाच्या दिवशी निघालो. गोराई आमच्याकडून होडीने दहा मिनिटांवर. पण होडीत गाडी जात नाही, म्हणून आम्ही भाईंदरवरून वळसा घालून दीड तासाने पोचलो. खोटं कशाला बोलू, ब्रेक छान लागत होते. जेरी प्रत्येक सिग्नलला माझ्याकडे बघायचा आणि मी प्रत्येक सिग्नलला "वा" म्हणायचे.

मम्मीचं घर चढावर आहे. जेरीने गाडी बरोबर दारासमोर आणली, हँडब्रेक खेचला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे निघाली! त्याने घाईने पाय परत ठेवला. परत हँडब्रेक, परत तेच.

"फ्लोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "चाकामागे लावायला एखादा दगड बघ ना."

गाडी गिअरमध्ये टाकून ठेवता आली असती. त्याला ते सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही.

"बघते," मी म्हटलं. "तू दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हां!"

मम्मी दारात आली होती. ती गाडीपाशी गेली, बॉनेटवरून हात फिरवला, दोन्ही डोळे पुसले. "अगदी अशीच उभी करायचे," म्हणाली. माझेही डोळे भरले. मग तिने मला आत नेलं. चहा तयार होता, मैद्याच्या तळलेल्या ताज्या फुग्या आणि केकही होता. शेजारणी आल्या. पप्पांच्या गोष्टी निघाल्या. दुसरा कप ओतताना मम्मीला आठवण झाली.

"अगो, जावई कुठे राहिले?"

"गाडी उभी ठेवतायत," मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेरून बारीक आवाज आला, "फ्लोरी, दगड मिळाला का गं?"

मी कप-बशी घेऊन खिडकीत गेले आणि काळजीने वाकून विचारलं, "सोडलं नाहीस ना?"

त्याने मान हलवली.

"शाब्बास!"