मीटरने बंद ठरवलेलं घर

शिवणकामवाली दिवसा दिवा लावत नसे. शिलाई मशीन खिडकीशी ओढलेलं, फ्रिज मोडीत काढलेला, आणि घराबाहेर पडताना मेन स्विच खाली. "मीटर म्हणजे घरजावई," ती म्हणायची. "नुसता बसून खातो!"

वीज काय ती जायची दम्याने बेजार झालेल्या सासूबाईंच्या वाफेच्या मशीनला. तीही डॉक्टरांनी दिवसातून तीनदा सांगितलेली वाफ दोनदाच. गरीब घरांना वीजबिलात सरकारी सवलत मिळणार असं कळलं, तेव्हा तिने अर्ज भरला आणि सासूला तिसरी वाफ कबूल केली.

अर्ज फेटाळला. कारण: घर बंद.

ती सासूला घेऊन थेट वीज कचेरीत.

"घर बंद? मग मी काय भूत आहे?"

कारकुनाने मान वर केली नाही. "बाई, एवढं कमी रीडिंग राहत्या घराचं नसतं. जरा जास्त वापरा, पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक पोटाला चिमटा काढतात, तिने डोळ्यांनाही काढला होता. त्याचं हे बक्षीस! या कचेऱ्यांची रीतच अशी: जास्त वापरलंत तर माजलात, कमी वापरलंत तर मेलात.

"पाहणीला माणूस पाठवा."

"माणसं कुठायत? दोन-तीन महिने लागतील."

"लागू देत." तिने पिशवीतून वाफेचं मशीन काढलं, कारकुनाच्या पंख्याचा प्लग उपटला आणि आपला खोचला. "आमचं घर बंद आहे ना? मग म्हातारीला वाफ इथेच. रोज तीनदा."

मशीन घरघरू लागलं. रांगेत हशा पिकला.

"अहो, हे सरकारी कनेक्शन आहे!"

"म्हातारीपण सरकारचीच आहे. घ्या ठेवून."

सासूबाईंनी मास्क उचलला. "सूनबाई, पंखा तरी राहू दे गं त्याचा. उकडून मरेल बिचारा."

"मरू दे. मग कळेल, जिवंत असल्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते."

कारकुनाने घाम पुसत पाहणीचा कागद पुढे ओढला. "उद्या येईल माणूस."

"आज."

दुपारी पाहणीवाला आला, तेव्हा घरातले दोन्ही दिवे लखलखत होते. टळटळीत उन्हात. आपण जिवंत आहोत हे सरकारला दिसावं म्हणून! त्याने 'राहतं घर' असा शेरा लिहिला, सही घेतली.

त्याची पाठ वळताच तिने दोन्ही दिवे बंद केले, आणि संध्याकाळी सासूबाईंना तिसरी वाफ दिली.