टायरवर फिरणारा हात

चिखलीच्या त्या टायरवाल्याचं नाव मला माहीत नाही. पोरासोबत त्याच्या सुसाट गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. याच गाडीतून पोरगा त्याच्या आजारी आईला अकोल्याला दवाखान्यात न्यायचा. तिला आदळतच नेलं असेल, असं वाटून ती वारल्यापासून मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो.

टायरवाल्यानं डोळे मिटून झिजलेल्या टायरवर तळवा फिरवला.

"काका, गाडी पळाची हाय, पण टायर चारी बाजूनं सारखा घासला. कचकन ब्रेक नाही, वळणाले घाई नाही. भरली घागर नेल्यावानी चालवली."

"नवे किती टिकतीन?"

"ब्रेकवर हाच पाय असला तं लय."

मी त्याच्या काळ्या हाताकडं पाहतच राहिलो. आयुष्यभर शेतात माती चाळली, पण असा हात मला नव्हता.

परतताना पोराला विचारलं, "तुही माय झोपे का रे गाडीत?"

"हाव बाबा. पार अकोला येईलोक."