मूर्तीच्या पेटीवरचं धुकं

बिदरकडच्या चिंताकी गावात, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागूनच, बुद्धाची मूर्ती आहे. धूळ-पावसापासून जपायला आम्ही तिला पारदर्शक प्लास्टिकची पेटी केली. हिवाळा लागला आणि पेटी आतून अशी धुकटायला लागली की ऊन वर येईपर्यंत चेहरा दिसेना.

गावातले एक वयस्कर दुकानदार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, येता-जाता थांबायचे आणि माझ्या आईला म्हणायचे, "अक्का, काईच दिसंना की. समाजमंदिरात आत न्या. रस्त्यावर कामून?" दिसत नाही हे नुसतं निमित्त. मूर्ती बसवली त्या दिवसापासून त्यांना ती आत हवी होती. मला संताप यायचा. हलवायची नाही म्हणजे नाही.

साबण लावला, शाम्पू लावला. दोन दिवस बरं, मग पुन्हा पांढरं. मी बिदरला मैलूर भागात नंबरप्लेटा आणि बोर्ड बनवते, प्लास्टिकशी रोजचीच गाठ. हैदराबादहून धुकं न धरणारी फिल्म मागवली, आतून चिकटवली. तिच्यावर ओल थेंब धरत नाही, पातळ पसरते आणि आरपार दिसतं. नीट निगा राखली तर काही वर्षं टिकते, असं विकणारा म्हणाला.

आमच्याकडे ती पौर्णिमेपर्यंत टिकली. वंदनेच्या आदल्या दिवशी आईनं पेटी उघडली आणि पितळेची भांडी घासावीत तशी राखेनं आतून घासून काढली. फिल्म गेली ती गेलीच, वर प्लास्टिकला ओरखडे.

"न घासता कसली वंदना?" आई म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

अण्णा आलेच. "बगा, मी सांगायलोच होतो."

त्या एका वाक्यानं आईचं डोकं फिरलं. "दुसरी आण," ती मला म्हणाली. "मी हात लावत न्हाई. कुणाला लावू देत न्हाई."

मी ओरखडलेल्या बाजू बदलल्या, नवी फिल्म लावली. तेव्हापासून पौर्णिमेला वस्तीतल्या बायका पेटीच्या आतल्या बाजूंवरून तांब्यानं नुसतं पाणी सोडतात. राख नाही, फडकंही नाही. नव्या सुनेला आई सगळ्यात आधी हेच शिकवते.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी रस्ताच धुक्यात बुडाला होता. पेटीतला चेहरा मात्र लख्ख. अण्णा थांबले.

"आता दिसायलंय की," ते म्हणाले.

"व्हय अण्णा, रोज दिसंल," आई म्हणाली. "बगायचं नसंल तर तुमी दुसऱ्या रस्त्यानं जावा."