सकाळच्या शिफ्टची सहल

फिरायला कुठे जायचं हे बाकीचे लोक स्वतः ठरवतात. आमचं मशीन ठरवतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून मी दिवसाआड सकाळी मीरा रोडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये हाताला सुया टोचून पडलेली असते. गाव रत्नागिरीकडे, पण तिथे गेलं की राहणं आलं, म्हणून तेही सुटलं. मशीनच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, खरा मोकळा असतो तो रविवार. त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी शांती नगरच्या घरी परत येता येईल एवढंच आमचं जग. त्यातही फिरायचं ते थंडीत. उन्हाळ्यात तहान लागते आणि आम्हाला दिवसभरात मिळून दोन-तीन पेले पाणी चालतं, चहा-आमटी धरून. हे लोकांना सांगितलं की ते हळहळतात आणि लगेच आपल्या बाटलीतून घटाघट पाणी पितात. मी तिकडे बघत नाही.

आमच्या शिफ्टला आम्ही पाच जण. माझ्या शेजारच्या खाटेवर एक गुजराती काका, त्यांचं भाईंदरला कटलरीचं दुकान. पलीकडच्या खाटेवर चौकच्या मावशी. उत्तनच्या पुढे समुद्राला टेकलेल्या चौक गावातल्या त्या कोळीण, बस-रिक्षा करत इतक्या लांब येतात. बाकीचे दोघे पुरुष फारसं बोलत नाहीत. सेंटरमध्ये एक गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही, तरी सगळे पाळतात. एखादी खाट रिकामी दिसली तर का म्हणून विचारायचं नाही. सिस्टर दुसरा पेशंट आणून झोपवते आणि आपण टीव्हीकडे बघायचं.

मागच्या थंडीत अशीच एक खाट रिकामी झाली आणि भरली. त्या दिवशी मावशी छताकडे बघत म्हणाल्या, "मेल्यावं समदीच येतान घरी. जित्तेपणी या ना येकदा. रविवारी या, समदी या." कोणी हसलं नाही. काकांनी "आवीश, आवीश", येईन येईन, म्हणून टाकलं आणि सहल ठरली.

माझी मुलगी बरोबर आली. सुयांच्या हाताने मला ओझं उचलता येत नाही, हे तिचं कारण. खरं कारण, ती मला एकटं सोडत नाही. तिचं नि माझं वर्षभर एकच भांडण चाललं होतं. तिची किडनी मला जुळत होती. माझ्या नवऱ्याला मधुमेह, त्यांची चालत नाही. मुलगी तयार, डॉक्टर तयार, मी तयार नव्हते. तिचं लग्न व्हायचंय, पुढे बाळंतपणं व्हायचीत. पोटच्या पोरीला कापून आपण जगायचं, हे माझ्या मनाला काही केल्या पटेना. "आई द्यायला असते, घ्यायला नसते," असं मी म्हणायचे आणि विषय संपवायचे. तीही माझीच मुलगी. आठवडाभराने पुन्हा काढायची.

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला आम्ही बससाठी जमलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. आम्ही एकमेकांना उभं असलेलं कधी नीट पाहिलंच नव्हतं. काका मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "अरे बेन, आप तो लंबी निकली! लेटे लेटे पता ही नहीं चलता." ते स्वतः माझ्या खांद्याला लागत होते, आणि मी वर्षभर त्यांना उंचापुरा माणूस समजत होते. बसमध्ये प्रत्येकाला डाव्या बाजूची खिडकी हवी होती, कारण सगळ्यांच्या सुया डाव्या हाताला आणि त्या हाताला कोणाचा धक्का लागायला नको. शेवटी आम्ही चौघे पेशंट एकामागे एक खिडक्या धरून बसलो. कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. मिठागरं मागे गेली, रस्ता अरुंद झाला आणि वाऱ्याला खारट वास यायला लागला.

चौकला घराघरापुढे बांबूंवर बोंबील सुकत होते. आमच्यातल्या एकालाही त्यातला एक तुकडा चालणार नव्हता, सुकी मासळी म्हणजे नुसतं मीठ. मावशी घरात स्वतःच्या पायांनी भराभर चालत होत्या आणि मला ते बघून उगाच भरून आलं. आता प्रश्न होता पाहुणचाराचा. कोळ्याच्या घरी पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. मावशींनी स्टीलच्या ताटात ओला रुमाल झाकून आणला आणि प्रसाद वाटावा तसा प्रत्येकाच्या हातावर बर्फाचा एकेक खडा ठेवला. "चगळा, गिळू नका," म्हणाल्या. पाच म्हातारी-अर्धम्हातारी माणसं गालात बर्फ धरून गप्प बसली. मुलीला त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

जेवण अळणीच होतं, ताजे बोंबील आणि भात. जेवून आम्ही सगळे पडवीत आलो तर मावशींचे यजमान जाळं शिवायला बसले होते. ऊन चढलं होतं, त्यांनी सदरा काढून ठेवला होता. कमरेच्या वर, कुशीला, लांबलचक तिरकी खूण होती. ती खूण कशाची, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. किडनी देणाऱ्यांच्या तशाच खुणांचे फोटो डॉक्टरांनी मला दाखवले होते.

"मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"तुमी इचारलं कदी?" त्या म्हणाल्या. यजमानांनी दिलेली किडनी बरीच वर्षं चांगली चालली, मग हळूहळू बंद पडली, आणि त्या पुन्हा मशीनवर आल्या.

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी मुलीकडे वळले आणि त्या माणसाच्या तोंडावर म्हणाले, "बघितलंस? एवढा चांगला माणूस कापून घेतला आणि शेवटी काय? मशीनच. वायाच ना गेलं सगळं?"

काका आपल्या चपलांकडे बघत होते. मुलीचं तोंड पांढरंफटक पडलं.

यजमानांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "वाया कशी गेली, ताई? तवड्या वर्सांत पोराचं लगीन हिनं लावलं. नातवंडाला पयली आंगूळ हिनं घातली." जाळ्याची एक गाठ मारून ते म्हणाले, "पयल्यांदी ती पन न्हायच बोलायची. मी होडीवं जायचो, पन ध्यान घरात. आपल्या आंगात दोन हायेत, नि ही येकाबिगर सुकते हाय. मना घास जाईना. ती हो बोलली तवा मना झोप लागली. माज्यासाठी हो बोलली ती."

मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "लय रडली मी हो बोलताना. लाज वाटाची." एवढंच बोलून त्या भांडी गोळा करायला आत गेल्या.

मुलगी उठून बाहेर गेली. ती बांबूंच्या रांगेजवळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर खाडीचं तोंड आणि पलीकडे वसईचा किनारा. पाठीवरून मला कळलं की ती रडतेय. लहानपणीही ती अशीच, रडायची ती पाठ फिरवून. वर्षभर मी तिच्या लग्नाचा विचार केला, तिच्या होणाऱ्या मुलांचा केला. तिला घास जातो का, झोप लागते का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती वळली नाही.

"लग्नाचं बोलू नकोस," ती म्हणाली. "तू नसलीस तर मी लग्न करून कोणाकडे माहेरपणाला येऊ?"

मला फार भीती वाटत होती, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. आणि मला जगायचंही होतं. किती जगायचं होतं, हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती तान्ही होती तेव्हापासून मी तिच्या मागे ताट घेऊन फिरले. आणखी एक घास घे, दूध घे, अंगावर घे, सोबत घे. आयुष्यभर मी तिला 'घे'च म्हणत आले होते.

तिचा हात धरून मी म्हटलं, "दे."