घर कुठल्या बाजूला

“ताई, घर कुठल्या बाजूला?” एजंटने विचारलं.

“ईस्टला. अंबरनाथ ईस्ट.”

“इथलं नाही हो. गावातलं.”

मी फॉर्म भरत होते. नाव, नोकरी, माणसं दोन. माझं आडनाव सगळ्या जातींत सापडतं, त्यावरून त्याला काही कळलं नव्हतं. मी थांबले. पण आई बोलून गेली. गावाबद्दल कुणी विचारलं की तिला बरं वाटतं.

“उगवतीला. वढ्याच्या पल्याड.”

आमच्याकडच्या बहुतेक गावांत महारवाडा पूर्वेलाच. त्याला तेवढं पुरलं.

अर्ध्या तासापूर्वी आम्ही खरवईतला फ्लॅट बघून आलो होतो. तळमजला. आईने ओट्यावर हात फिरवून पाहिला होता. सध्या आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरकडे जायचं असलं की ती पायरीवर बसते आणि सरकत सरकत खाली उतरते.

एजंटने मालकाला फोन लावला. मालकाचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये बटणांचं दुकान. स्पीकर चालू राहिला होता.

“सेठ, पार्टी ईस्ट साइड की है.”

“तो क्या हुआ? फ्लॅट भी ईस्ट में ही है ना!”

एजंट हसला. “अरे सेठ, वो वाला ईस्ट नहीं.” मग स्पीकर बंद केला.

फोन ठेवून म्हणाला, “सॉरी ताई. मालकाचा भाचा येतोय राहायला.”

“असू दे,” आई म्हणाली, “त्यांचं माणूस आहे.”

त्याच्या डोक्यामागे एजंटांच्या असोसिएशनचं सर्टिफिकेट होतं. ‘विश्वास हीच ओळख.’ मी ते वाचलं. पेन परत दिलं. त्याला थँक्यू म्हटलं. हे मी विसरू शकत नाही. थँक्यू म्हटलं.

दुसऱ्या एजंटला फोनवर फक्त नाव सांगितलं. तो म्हणाला, “हां, ईस्ट साइडवाल्या ताई ना? एजंटांच्या ग्रुपवर आलंय.” आणि फोन ठेवला.

मी असोसिएशनच्या ऑफिसात गेले. अध्यक्षांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं.

“आमचा एकही मेंबर जात विचारत नाही, ताई. ग्रुपवर कुणी जातीचा शब्द टाकला तर त्याच मिनिटाला बाहेर. बाजू तर सगळेच विचारतात. धंद्यात दिशा लागते. वास्तू असते.”

ते खोटं बोलत नव्हते. जात खरंच कुणी विचारली नव्हती.

त्यांनी तक्रारीचा फॉर्म पुढे केला. प्रकार छापलेले होते: कमिशन, डिपॉझिट, ताबा, वागणूक. “वागणुकीवर टिक करा. समोरासमोर बसवतो, मिटवून टाकू.”

कंपनीत मी क्वालिटीला आहे. माल रिजेक्ट केला की कारण लिहायचं, खाली सही करायची. कारणाशिवाय एक नटसुद्धा परत जात नाही.

मी टिक केली नाही. फॉर्म उलटा केला. मागे लिहिलं, कुणी काय विचारलं, आईने काय सांगितलं, फोनवर काय बोललं गेलं. शब्दन् शब्द.

त्यांनी वाचलं. “ह्यात जात कुठे आहे?”

“ती दिसू नये म्हणूनच तुमचा शब्द ईस्ट आहे. कागद मिळाल्याची सही द्या.”

“सही फक्त मेंबरच्या अर्जावर होते.”

चहा तसाच ठेवून मी उठले.

घरी आईला सगळं सांगितलं. भाचा हा बहाणा होता, हेही. ती गुडघे चोळत म्हणाली, “फुडच्या येळी मावळतीला सांगते.”

“नाही.”

“जिना उतरवत नाही गं मला.”

“माहीत आहे. तरी नाही.”

आता एजंटने फॉर्म काढायच्या आधी मी सांगते, आमचं घर उगवतीला. जातही सांगते, पूर्ण शब्दात. मग माझा कागद पुढे करते: नाही म्हणायचं असेल तर कारण इथे लिहा, खाली सही करा. अजून एकानेही केलेली नाही. प्रत्येक कागदावर मी एजंटचं नाव आणि तारीख टाकते आणि फाइलला लावते.

आई अजून पायऱ्या सरकत उतरते. बाजू आम्ही बदलणार नाही.